गाडीला बर्फाचे पट्टे बसवताना: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात बर्फ पडत नाही. गारपीट झाली तर तासाभरापुरतं रान पांढरं दिसतं, तेवढंच. तरी बर्फात चालणाऱ्या गाड्यांविषयी, म्हणजे चाकं काढून त्या जागी पोकलेनच्या चेनसारखे रबरी पट्टे बसवण्याविषयी, इथून सतत विचारणा होते. लडाखला पोस्टिंग झालेली उदगीर-अहमदपूरकडची पोरं विचारतात, आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकणारे विचारतात, गुलमर्गला जाऊन आलेले विचारतात, आणि पावसात सोयाबीन अडकलं की चेनचं हार्वेस्टर शोधणारे शेतकरीही विचारतात. मी लातूरला पोकलेन आणि हार्वेस्टरच्या चेनची कामं करतो. त्याआधी सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीत होतो, तेव्हा बर्फातल्या गाड्या हाताखालून गेल्या. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पट्टे बसवले की गाडीची ताकद वाढते का?

नाही. इंजिन तेच, ताकद तीच. वाढतं ते जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ.

हिशेब करून बघा. दोन टनांची जीप घ्या. टायरमध्ये हवा ३० पीएसआय असेल तर एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण २५० चौरस सेंटिमीटर येतो. चार टायरचे हजार. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो दाब. आता त्याच जीपला चार रबरी पट्टे लावा. एकेक पट्टा ४० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांबीत जमिनीला टेकलेला धरा. चारांचे झाले १४,४०० चौरस सेंटिमीटर. पट्ट्यांचं वजन धरून गाडी २,४०० किलो झाली, तरी दाब येतो ०.१७ किलो. सत्तर किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला तर साधारण एवढाच दाब पडतो, आणि चालताना एका पायावर आला की दुप्पट. माणूस मांडीपर्यंत बुडतो तिथून पट्ट्याची गाडी वरवर निघून जाते ती यामुळे.

काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की आपण चाकाखाली पऱ्हाट्या टाकतो. पट्टा म्हणजे गाडीनं स्वतःच पुढे टाकत आणि मागून उचलत नेलेल्या पऱ्हाट्या. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

खोल बर्फ नेमका किती? किती बर्फ असेल तर टायरवर भागतं?

खोलीपेक्षा बर्फाची जात महत्त्वाची. ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. त्यात बहुतेक हवाच. काही दिवसांनी बसून तो २०० ते ३०० किलोचा होतो, वाऱ्यानं थापला तर त्याहूनही घट्ट. घट्ट बर्फाचा थर हातभर असला तरी त्यावरून टायरची गाडी कधी कधी नीट जाते. ताजा बर्फ मात्र गाडीच्या पोटाला लागला की खेळ संपला. गाडीचं वजन चाकांवरून उतरून पोटावर येतं आणि चाकं नुसती फिरत राहतात.

अंदाजापुरता नियम असा: ताज्या बर्फाची खोली तुमच्या गाडीच्या ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर) कमी असेल तर चांगले टायर आणि स्नो चेन (टायरवर गुंडाळायची साखळी) यांवर विचार करा. त्याहून जास्त असेल आणि रस्ता कुणी मोकळा करणार नसेल, तर पट्ट्याचा विचार सुरू होतो. दुपारच्या उन्हात ओला झालेला बर्फ तिसरीच चीज. तो जड असतो, चिकटतो, रोलरमध्ये भरतो आणि रात्री तिथेच गोठतो.

गुलमर्ग किंवा मनालीला स्वतःची गाडी घेऊन जायचंय. पट्टे लागतील का?

मुळीच नाही. तिथले मुख्य रस्ते यंत्रानं साफ केले जातात. तुम्हाला हवेत चांगले हिवाळी टायर (कडेवर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असतं) आणि डिकीत स्नो चेनची जोडी. ज्या चाकांना इंजिनची ओढ मिळते त्यांनाच चेन लावायची. बहुतेक लहान कारना ती पुढे लावावी लागते. बर्फ संपून डांबर लागलं की लगेच काढायची. आणि चेन घरच्या अंगणात एकदा लावून बघा. रोहतांगच्या वाटेवर बोटं बधिर झालेली असताना पहिल्यांदा पाकीट फोडू नका.

पट्ट्याच्या संचात असतं काय?

पोकलेनचं अंडरकॅरेज (खालचा चेनचा भाग) ज्यानं उघडून पाहिलंय त्याला नवं काही नाही. चाक काढायचं, त्याच बोल्टवर हबला (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) संच बसवायचा. वर दात्यांचं स्प्रॉकेट, तेच पट्ट्याला फिरवतं. खाली पुढे-मागे आयडलर (पट्टा ताणून धरणारी मोकळी चाकं) आणि मध्ये छोट्या रोलरची रांग, गाडीचं वजन त्यांच्यावर. बाहेरून सलग रबरी पट्टा, त्याच्या पोटात पोलादी तारा किंवा मजबूत कापडाचे थर. बाजूनं पाहिलं तर सगळा संच त्रिकोणी दिसतो.

फरक एका भागाचा आहे आणि तोच लोक विसरतात: संच स्वतःभोवती फिरू नये म्हणून चॅसिसला किंवा ॲक्सलला जोडलेला अडकवणारा दांडा. चाक गोल असतं, ते कितीही फिरलं तरी बिघडत नाही. त्रिकोण मात्र जोरात ब्रेक मारल्यावर किंवा मागे घेताना उलटा व्हायला बघतो. हा दांडा आणि त्याचे रबरी बुश त्याला धरून ठेवतात. संच बसवताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दांडा ढिला राहिला तर पट्ट्याचं टोक बंपर किंवा मडगार्ड फाडतं. फार आवळला तर खळग्यात संचाला वर-खाली डुलता येत नाही, आणि सगळा धक्का हबला बसतो.

पट्ट्याचा पुढचा भाग वर उचललेला असतो, त्यालाही कारण आहे. बर्फ पुढे ढकलत राहण्यापेक्षा त्यावर चढून तो दाबत जाणं गाडीला कमी ताकदीत जमतं.

चारही चाकांना पट्टे लावावेत की फक्त मागे?

दोन्ही पद्धती चालतात, पण कामं वेगळी. मागे पट्टे आणि पुढे लाकडी किंवा लोखंडी घसरपट्ट्या, ही जुनी रीत. वजन कमी, खर्च कमी, सरळ मोकळ्या मैदानावर उत्तम. अडचण वळताना येते: कडक बर्फावर पुढच्या घसरपट्ट्या पकड घेत नाहीत आणि गाडी सरळच जात राहते.

चारही चाकांना संच लावले तर गाडी नेहमीच्या स्टिअरिंगनंच वळते. पण गाडी फोर बाय फोर असायला हवी. नुसत्या मागच्या ओढीच्या गाडीला पुढे पट्टे लावले तर पुढचे पट्टे फक्त घासत, बर्फ ढकलत जातात.

तिसरी रीत ट्रॅक्टरची. एकाच बाजूचं पुढचं आणि मागचं चाक मिळून एकच लांब पट्टा. मग स्टिअरिंग कामाचं राहत नाही, डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून वळावं लागतं. नांगरटीला रानाच्या कडेला आपण असंच वळतो, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रॅक्टरवाल्याला ही रीत पटकन जमते.

ट्रॅक्टर खरंच बर्फात चालतो का?

चालतो, आणि इतका चालला आहे की दक्षिण ध्रुवावर जाऊन थांबला. एडमंड हिलरी, एव्हरेस्टवाले, ४ जानेवारी १९५८ रोजी तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले. इंजिनवरच्या वाहनानं जमिनीवरून ध्रुवावर पोहोचणारे ते पहिले. आज आपल्याकडे पेरणीला उभ्या असलेल्या मॅसी फर्ग्युसनच्या घराण्यातलेच ते लहान, कमी ताकदीचे ट्रॅक्टर. मोठ्या चाकांवर आणि पुढच्या चाकांवर मिळून पट्टा चढवलेला आणि मधली पोकळी भरायला एक जादा चाक.

त्याच मोहिमेत पलीकडच्या बाजूनं व्हिव्हियन फुक्स टकर स्नो-कॅट घेऊन निघाले होते. ती खास बर्फासाठी बांधलेली गाडी. तिला चार वेगवेगळे पट्टे होते. फुक्स यांनी अख्खं अंटार्क्टिका खंड ओलांडलं, ते २ मार्च १९५८ ला पुरं झालं. मला त्यातला ट्रॅक्टरचा भाग जास्त भावतो. साधं, ओळखीचं, दुरुस्त करता येण्याजोगं यंत्र घेतलं, वजन पसरवलं आणि सावकाश चालवलं.

ही कल्पना पहिल्यांदा कुणाची?

एकाची नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात आल्विन लोंबार्ड यांनी १९०१ साली लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या गाडीचं पेटंट घेतलं. मागे लोखंडी चेन आणि पुढे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या. कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये चेनचा ट्रॅक्टर चालवून पाहिला, तोही मऊ, दलदलीच्या शेतात चाकं बुडत होती म्हणून. म्हणजे चिखल आणि बर्फ यांनी मिळूनच ही युक्ती घडवली.

रबरी पट्ट्याचं श्रेय मुख्यतः अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाचं. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारी सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. हिवाळ्यात मोटारी चालाव्यात म्हणून त्यांनी मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टा बसवला. लेनिन यांची अशी पट्ट्याची रोल्स-रॉइस आजही मॉस्कोजवळच्या गोर्की इथे जपून ठेवलेली आहे. क्रांतीनंतर केग्रेस फ्रान्सला परतले आणि सिट्रोएन कंपनीसोबत काम केलं. डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ या काळात त्यांच्या पट्ट्याच्या गाड्यांनी सहारा ओलांडला. झारच्या बर्फासाठी निघालेला पट्टा वाळूतही तेवढाच चालला. १९३१ मध्ये बेरूतहून निघालेली सिट्रोएनची तुकडी इराण, अफगाणिस्तान करत श्रीनगरला आली आणि तिथून दोन गाड्या हिमालयातून गिलगिटकडे नेल्या. वाट तुटली होती तिथे गाड्या सुट्या करून भाग हमालांनी वाहून नेले.

कॅनडात जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिये यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला. रस्ता बर्फानं बंद होता, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. त्यांनी स्प्रॉकेट आणि रबरी पट्ट्याची रचना पुरी करून १९३७ मध्ये पेटंट घेतलं आणि सात जण बसतील अशी बंद गाडी बाजारात आणली. डॉक्टर, टपालवाले, शाळेची मुलं तिच्यातून जाऊ लागली. आजची स्नो स्कूटर त्याच कारखान्यातून पुढे आली. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की आपल्या वाड्या-तांड्यांवरून बाळंतिणीला बाजेवर घालून न्यावं लागतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला बॉम्बार्डिये यांची तळमळ समजावून सांगावी लागणार नाही.

पट्टे बसवल्यावर इंजिन आणि बाकीच्या भागांवर काय परिणाम होतो?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण पट्टा बहुधा मोडत नाही. मोडतं बाकीचं.

कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत पट्ट्यावर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या होत्या. एक जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवताना समुद्रावरचा बर्फ फुटून बुडाली. उरलेल्या दोन त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस निघाल्या आणि सुमारे ८० किलोमीटरच्या आत सोडून द्याव्या लागल्या. पट्टे धडधाकट होते, एअरकूल इंजिनं तापून गेली. पुढचं ओझं माणसांनी ओढलं. आजही तेच होतं. बाहेर शून्याखाली वीस असताना इंजिन तापतं यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. पण खोल बर्फात इंजिनवर पूर्ण लोड असतो, वेग बैलगाडीचा असतो, म्हणून रेडिएटरला वारा मिळत नाही, आणि जाळीवर बर्फ थापला जातो. तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. थांबाल तिथे जाळी साफ करा.

दुसरं, वजन. पिकअपच्या आकाराच्या गाडीला एकेक संच शंभर किलोच्या मागे-पुढे जातो. हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली, थेट हबवर लटकतं. व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि पुढच्या ॲक्सलचे सीव्ही जॉइंट यांचं आयुष्य निम्म्यावर येऊ शकतं असं समजून चला. स्टिअरिंग जड होतं. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवायची सवय सोडा, गाडी थोडी हलत असतानाच वळवा.

तिसरं, वेग आणि मीटर. समजा टायरचा व्यास ७० सेंटिमीटर होता आणि स्प्रॉकेटचा ५०. हबच्या एका फेऱ्यात गाडी आधी २.२ मीटर जायची, आता १.५७ मीटर. म्हणजे स्पीडोमीटर ताशी ५० किलोमीटर दाखवत असेल तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात साधारण ३६ नं चालला आहात. याचा फायदाही आहे: एक गिअर खाली टाकल्यासारखी ओढ मिळते. तोटा डिझेलचा. रोजच्या ॲव्हरेजवर हिशेब करून निघाल तर अर्ध्या वाटेत टाकी कोरडी.

एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांमध्ये चाकाच्या सेन्सरला हे सगळं विचित्र वाटतं आणि दिवे लागतात. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) बर्फात मध्येच इंजिनची ताकद कापतं, ते बंद करायचं बटण असेल तर आधी शोधून ठेवा.

थंडीसाठी गाडीत आणखी काय बदलावं लागतं?

डिझेल आधी. आपल्या पंपावरचं डिझेल लडाखच्या जानेवारीत मेणासारखं गोठतं आणि फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. वर चढण्यापूर्वी टाकीतलं खालचं डिझेल संपवून ते भरायचं.

कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे केले की उणे ३५ अंशांच्या पुढेपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी घातलं असेल तर एका रात्रीत ब्लॉकला तडा जातो. ट्रॅक्टरला आपण घालतो ते १५डब्ल्यू-४० ऑइल तिथे सकाळी हलत नाही, ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू घ्यावं. बॅटरीची ताकद कडाक्याच्या थंडीत निम्म्याच्या आसपास येते, नेमकी इंजिन फिरवायला जास्त लागते तेव्हा. आणि उंची: टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. खारदुंग ला पाच हजार मीटरच्या वर आहे. तिथे गाडी निम्म्या जोरावर चालते.

चालवताना काय लक्षात ठेवायचं? रुतली तर?

पट्ट्याची गाडी रुतत नाही हा समज काढून टाका. ती रुतते, आणि रुतली की चाकाच्या गाडीपेक्षा खोल रुतते.

एक्सलेटर हळू. पट्टा जागेवर फिरला की तो स्वतःच्या खाली चर खणतो. पुढचा भाग वर, मागचा खाली, गाडी बसली. गाडी थबकल्याचं जाणवताच पाय काढा. आलेल्या वाटेनं, स्वतःच केलेल्या दबलेल्या पट्टीवरून मागे या, पाच-सात मीटरवरून पुन्हा सावकाश पुढे जा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वाट तयार होते. तरी नाही निघाली तर खाली उतरून पुढचा बर्फ फावड्यानं उतरता करा, पायांनी तुडवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. तुडवलेला बर्फ काही वेळातच घट्ट धरतो.

उतारावर आडवं जाऊ नका. पट्ट्यांमुळे गाडी उंच झालेली असते आणि खालच्या बाजूचा पट्टा जास्त बुडतो. उतार सरळ चढा, सरळ उतरा.

गोठलेल्या तलावावर किंवा ओढ्यावर गाडी घालायची नाही. पट्टा दाब पसरवतो, पण एकूण वजन तेवढंच राहतं आणि बर्फाची लादी त्या वजनानंच फुटते. स्कॉट यांची एक गाडी अशीच गेली. हिमस्खलनाच्या उतारावरही पट्ट्याचा काही उपयोग नाही. तिथे सैन्याची, सीमा रस्ते संघटनेची किंवा स्थानिक माणसाची सूचना शेवटची माना. सियाचीनच्या बातम्या आपल्या गावांपर्यंतही येऊन पोहोचल्या आहेत.

पट्टा उतरतो म्हणतात, तो का?

ढिला असतो म्हणून, किंवा आत बर्फ साचलेला असतो म्हणून. पोकलेनची चेन आपण ग्रीस भरून ताणतो, इथे बहुतेक संचांत बोल्टनं आयडलर सरकवून ताणतात. ताण किती ठेवायचा ते संचाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच प्रमाण. खूप आवळला तर बेअरिंग जळतात आणि ताकद वाया जाते. नवा पट्टा पहिल्या काही तासांत ताणला जातो, तेव्हा पुन्हा तपासा.

संध्याकाळी गाडी उभी करण्यापूर्वी रोलरमधला बर्फ काठीनं काढा, मागे-पुढे करून झटका द्या, आणि शक्य असेल तर फळ्यांवर उभी करा. ओल्या बर्फात तशीच सोडली तर सकाळी पट्टा जमिनीला चिकटलेला असतो. अशा वेळी जोर लावून ओढलं की स्प्रॉकेटचे दाते पट्ट्याचे आतले लग (रबराचे उंचवटे) उपटतात. आधी ठोकून मोकळा करा, मग हलवा.

भारतात अशा गाड्या कुठे दिसतात?

गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नो स्कूटर सगळ्यांनी पाहिल्या आहेत: मागे एक पट्टा, पुढे दोन घसरपट्ट्या. सियाचीनला जवान त्याच जातीच्या स्नो स्कूटर सामान नेण्यासाठी वापरतात. अंटार्क्टिकात मैत्री (१९८९ पासून) आणि भारती (२०१२ पासून) ही आपली दोन संशोधन केंद्रं आहेत. तिथे जर्मन बनावटीच्या पिस्टेनबुली या रुंद पट्ट्यांच्या गाड्या घसरगाड्यांवर इंधनाच्या टाक्या आणि सामान लादून ओढतात. मूळ काम स्कीच्या उतारावर बर्फ सारखा करण्याचं, पण ओढण्यात तिच्यासारखी दुसरी नाही.

हे सगळं मुळातच बर्फासाठी बांधलेलं आहे. चाकाच्या गाडीला नंतर पट्टे बसवण्याची रीत आपल्या देशात फार कमी आहे, त्याचं एक कारण पुढच्या उत्तरात.

स्वतःच्या गाडीला पट्टे लावून रस्त्यावर चालवता येतील का? आरटीओ पास करेल का?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीत दिलेला तपशील आणि कंपनीनं ठरवलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. चाकं काढून पट्टे लावणं हा सरळसरळ तसा बदल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याची कंपनीही हात वर करते. डांबरावर रबरी पट्टा तापतो आणि लग झिजून जातात, ते वेगळंच. रस्त्यावरून नेणं असेल तर पोकलेन नेतो तशी ट्रेलरवर न्या.

खर्च किती? आपल्याकडच्या वर्कशॉपात बनवता येईल का?

परदेशी संच लाखांत जातो, वर आयात शुल्क आणि वाहतूक. सुटे भाग मिळण्याची खात्री नसेल तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

बनवण्याचं म्हणाल, तर सलग साच्यातला रबरी पट्टा छोट्या वर्कशॉपात होणार नाही. पण जुनी रीत होऊ शकते: दोन-तीन थरांच्या कन्व्हेयर बेल्टचे दोन समांतर पट्टे, त्यांना आडव्या लोखंडी पट्ट्या बोल्टनं जोडलेल्या, आणि त्या आडव्या पट्ट्यांना धरून फिरवणारं स्प्रॉकेट. बॉम्बार्डिये यांच्या सुरुवातीच्या गाड्या याच धर्तीच्या होत्या. वाळूजला स्प्रॉकेट कापून देणारे भरपूर आहेत, साखर कारखान्यांच्या भंगारात बेल्ट मिळतो. डिप्लोमाच्या पोरांनी पॉवर टिलरवर हा प्रयोग जरूर करावा आणि पावसाळ्यात काळ्या रानात चालवून बघावा. दोन गोष्टी पक्क्या ठेवा. स्प्रॉकेटच्या दात्यांचं अंतर आणि आडव्या पट्ट्यांचं अंतर तंतोतंत जुळलं पाहिजे, आणि दोन्ही बेल्टची लांबी केसभरही कमी-जास्त नको, नाहीतर पट्टा एका बाजूला पळतो. माणूस बसवून वेगानं चालवायच्या गाडीला मात्र हा जुगाड लावू नका.

मग तेच बर्फाचे पट्टे आपल्या काळ्या मातीत चालतील का?

रुतण्यापुरतं बघाल तर चालतील. पण बर्फाच्या पट्ट्याचे लग उंच आणि मऊ असतात, मुरमाड रानात आणि तुरीच्या खुंटांवर ते लवकर फाटतात. शिवाय बर्फ झटकला की पडतो, आपली ओली काळी माती पडत नाही. ती स्प्रॉकेटमध्ये भरते, वाळते आणि विटेसारखी होते. म्हणून शेतीच्या पट्ट्याची रचना वेगळी असते, चिखल बाजूनं बाहेर फेकणारी. चेनच्या हार्वेस्टरला तीच असते. पाऊस लांबला आणि सोयाबीन उभंच राहिलं तर तेच मशीन बोलवा.

रान दबण्याविषयीही विचारतात. पट्ट्यामुळे वरचा थर कमी दबतो हे खरं. पण खालच्या थरावर मशीनच्या एकूण वजनाचा भार पोहोचतोच. टाकी भरलेलं जड हार्वेस्टर ओल्या रानात पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं फिरवू नका, बांधाकडेची एकच वाट ठरवून द्या.

या कामात नोकरी मिळते का?

मिळते, आणि आपल्या पोरांनी याकडे जास्त बघावं असं मला मनापासून वाटतं. सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीचं काम ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरकडे असतं. सीमा रस्ते संघटनेत व्हेईकल मेकॅनिक, चालक आणि खोदकाम यंत्राचे ऑपरेटर भरले जातात, आणि त्यांचं ग्रेफ (जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स) सेंटर पुण्यात दिघीला आहे, म्हणजे लातूरहून एका रात्रीच्या प्रवासावर. अंटार्क्टिकाच्या मोहिमांची व्यवस्था गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र बघतं. त्यांनाही गाड्यांचे मेकॅनिक आणि ऑपरेटर लागतात. हिवाळ्यात तिथेच राहणाऱ्यांची मुदत वर्षाच्या पुढे जाते, घरच्यांशी आधी बोलून घ्या.

डिझेल मेकॅनिक किंवा मोटार मेकॅनिकचा आयटीआय आणि पोकलेनवर हात बसलेला असेल तर पाया तयार आहे. वर हायड्रॉलिक आणि ऑटो इलेक्ट्रिकल शिकून घ्या. थंडीत पहिल्यांदा वायरिंगच दगा देतं.

संच काढून उन्हाळाभर ठेवायचा असेल तर?

लडाखहून परत आणलेला किंवा प्रयोगाला घेतलेला पट्टा आपल्या उन्हात पत्र्याखाली टाकू नका, बेचाळीस अंशांत रबराला वर्षभरात भेगा पडतात. साध्या पाण्यानं धुवा, वाळवा, ताण पूर्ण सोडा. रबराला ग्रीस, डिझेल किंवा जळकं ऑइल लावायचं नाही. चमक येते म्हणून लोक लावतात, पण त्यानं रबर फुगतं आणि पोटातल्या तारांपासून सुटतं. ग्रीस फक्त रोलर आणि आयडलरच्या बेअरिंगला. सावलीच्या खोलीत लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवा, वर दुसरं वजन नको, आणि महिन्यातून एकदा हातानं स्प्रॉकेट फिरवून जागा बदला.